मराठी शब्दकोश कुठला घ्यावा? 'साशंक' हा एकच शब्द लावून बघितलं

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. मोबाईलमध्ये मराठी शब्दकोश म्हणून एकच गोष्ट ठेवायची असेल तर बृहद्कोश ही वेबसाईट सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, पाचपैकी साडेचार. घरात जाडजूड पुस्तक हवं असेल आणि इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर मोल्सवर्थ, पाचपैकी चार. आणि स्टोअरमध्ये 'मराठी डिक्शनरी' टाकलं की जी ढीगभर अ‍ॅप वर येतात त्यातलं एक मी वापरलं, नाव घेत नाही, त्याला एक स्टार, तो पण त्याचा आयकॉन बरा होता म्हणून.

आता मी कोण सांगणारी, तर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत डीटीपी आणि प्रूफचं काम करते. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, तालमीच्या वर्गणीच्या पावत्या, वाढदिवसाचे फ्लेक्स (कोल्हापुरात ज्याचा फ्लेक्स लागला नाही असा माणूस शोधून दाखवा), वकिलांच्या नोटिसा, संस्थांच्या प्रेसनोटा, सगळं येतं. त्यामुळं शब्दकोश माझ्यासाठी शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही, गिऱ्हाईक समोर उभं असताना अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायला लागतं. दिलं नाही तर गिऱ्हाईक म्हणतंय, "मॅडम, टाका की तसंच, कोण वाचतंय." आणि उद्या छापून आल्यावर तेच गिऱ्हाईक पहिलं वाचतं.

तपासायला हाच शब्द का, तर एकाच आठवड्यात तो दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आला. एका समितीची प्रेसनोट होती, त्यात "प्रशासनाच्या आश्वासनाबाबत समिती साशंकित आहे" असं लिहिलेलं. आणि एका वकिलांच्या नोटिशीत "सदरचा व्यवहार साशंक आहे". दोन्ही वाक्यं पटकन वाचली तर खपून जातील अशी. पण दोन्हीत काहीतरी खटकतंय आणि ते काय हे समोरच्याला पटवायचं तर नुसतं "मला तसं वाटतंय" म्हणून चालत नाही. वकिलांना तर अजिबातच चालत नाही. म्हटलं बरा सापडला, हाच शब्द प्रत्येक कोशाला लावून बघू, कोण किती पाण्यात आहे कळेल.

अ‍ॅपपासून सुरुवात. उघडलं की जाहिरात, शब्द टाकला की जाहिरात, अर्थ बघून मागं आलं की मोठी जाहिरात, तिचा फुलीचा बटन इतका बारका की माझ्या बोटाला सापडेना. एवढं सगळं सोसून अर्थ काय मिळाला तर एक शब्द, 'संशयी'. बस्स. उदाहरण नाही, फोड नाही, नाम की विशेषण काही नाही. आणि तो एक शब्द पण भलताच. संशयी म्हणजे ज्याचा स्वभावच संशय घ्यायचा आहे तो, बायकोच्या फोनमध्ये डोकं घालणारा नवरा असतो ना तसला. आता समिती जर संशयी आहे असं छापलं असतं तर समितीचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसले असते. काढून टाकलं अ‍ॅप. फुकटात भाषांतर करून देणारी यंत्रं असतात त्यांच्याकडं पण हेच होतं, साशंक, संशयी, संशयित, शंकास्पद, संदिग्ध असे पाच वेगळे शब्द द्या, ती इंग्रजीत नेऊन सगळ्यांना एकाच गोठ्यात बांधतात आणि परत आणताना कुठलं कुणाचं ते विसरतात.

मग मोल्सवर्थ. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण लोक पुस्तक घेताना साहेबाचं नाव बघून घेतात आणि घरी आल्यावर कळतं की हे मराठी-इंग्रजी आहे. तर जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी, त्याच्याबरोबर जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ, आणि शब्द गोळा करून देणारे आपले शास्त्री-पंडित, ज्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. आज जी मिळते ती त्या दुसऱ्या आवृत्तीवरूनच पुन्हा छापलेली, १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतनं ती काढली होती. म्हणजे बंडाच्या सालातला मजकूर आजही कामाला येतोय, हे ऐकायला भारी वाटतं आणि आहेच भारी.

चांगलं काय, तर बऱ्याच शब्दांपुढं तो कुठून आला त्याची खूण असते. संस्कृत असेल तर इंग्रजी एस, फारसीला पी, अरबीला ए, हिंदुस्थानीला एच. ही खूण वाटते तेवढी किरकोळ नाही. उदाहरणार्थ शंका संस्कृत आणि 'बेशक'मधला शक अरबी. कानाला सख्खे भाऊ वाटतात आणि नात्यानं कुणीच नाहीत. तसंच पोलीस पाटलांच्या जुन्या कागदात जो 'वहीम' असायचा तोही अरबीतून आलेला. हे एकदा कळलं की कुठला शब्द कुणाच्या पंगतीत बसवायचा ते समजतं, 'निःशंक' लिहिता येतं आणि 'बेशंक' असलं काहीतरी हातून टाईप होत नाही (झालेलं बघितलंय, फ्लेक्सवर, चौकात, दहा फुटाचा).

कमी काय, तर अर्थ इंग्रजीत. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांना तो अर्थ समजून घ्यायला परत इंग्रजी-मराठी कोश लागेल. आणि टाईप बारीक, पानं नऊशेच्या घरात, रात्री दिव्याखाली बघायचं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायचं काम. शिवाय १८५७ नंतर मराठीत काय काय घडलं ते त्यात कुठून येणार. वर्तमानपत्री मराठी त्यानंतर वाढली आणि साशंक हा शब्द तर वाढला तो वर्तमानपत्रातच. "साशंकता व्यक्त केली" ही ओळ ज्या दिवशीच्या पेपरात नाही तो पेपर दाखवा.

हा शब्द कुणी तोंडानं बोलताना ऐकलाय का? मी तरी कोल्हापुरात नाही ऐकला. इथं माणूस म्हणतो, "मला डाऊट हाय", "काय खरं वाटंना", आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे "मन घेईना झालंय". साशंक म्हणजे नेमकं तेच, मन घेईना. समोरच्यानं सगळं सांगितलं, कागद दाखवले, शप्पथ घातली, तरी मन घेईना. पण प्रेसनोटमध्ये "समितीचं मन घेईना झालंय" असं लिहिता येत नाही (यायला पाहिजे खरं तर), म्हणून साशंक.

तिसरा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. सात खंड, १९३२ ते १९३८, आणि वर १९५० ला पुरवणी. हा मराठीतून मराठीत. शब्दाचे अर्थ नंबर घालून, बऱ्याच ठिकाणी जुन्या ग्रंथातला किंवा बखरीतला वापर, कोकणी असेल तर तशी खूण, वऱ्हाडी असेल तर तशी. सातही खंड घरात ठेवायचे तर कपाटाचा एक खण रिकामा करायला लागेल, म्हणून सामान्य माणसाला विकत घ्या म्हणून सांगणार नाही. पण आता गरजच नाही, कारण दाते, मोल्सवर्थ, वझ्यांचा १९११ चा शाळेसाठीचा कोश, हे सगळे बृहद्कोशवर एकाच खिडकीत शोधता येतात. शिकागो विद्यापीठानं पण दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश ऑनलाईन ठेवलेत, त्यात हेच मराठी कोश आहेत, शिवाय मॅक्सीन बर्नसन बाईंचा छोटा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश पण आहे. शिकागोची साईट दिसायला सरकारी ऑफिससारखी रुक्ष आहे, तरी काम चोख करते. माझं मत, रोजच्या कामाला बृहद्कोश आणि खोलात जायचं असेल तर शिकागो.

बृहद्कोशचा खरा फायदा मला असा वाटला की एक शब्द टाकला की वेगवेगळे कोश एकाखाली एक दिसतात, त्यामुळं एका कोशकाराचं मत आणि दुसऱ्याचं मत समोरासमोर येतं. एका कोशात नुसता प्रतिशब्द असतो, दुसऱ्यात फोड असते, तिसऱ्यात वापर असतो, आणि तिन्ही मिळून अर्थ लागतो. मी साशंक टाकून थांबले नाही, शंका, आशंका, संशय, संदेह, किंतु असे शेजारीपाजारी पण टाकत गेले. (शंका शोधताना लघुशंका पण समोर येते, तिचं निरसन वेगळ्या ठिकाणी होतं.)

आता ह्या सगळ्यातून हाताला काय लागलं ते सांगते, कारण शेवटी कोशाची किंमत तिथंच.

पहिली गोष्ट फोड. स अधिक आशंका, साशंक. नुसती शंका नाही, आशंका. आशंकेत भीतीचा एक कण असतो, पुढं काहीतरी बिघडेल असा. पत्रिका छापणाऱ्यांना हे 'स' प्रकरण तोंडपाठ असतं खरं तर, फक्त लक्षात आलेलं नसतं. सप्रेम नमस्कार, सस्नेह निमंत्रण, सहकुटुंब सहपरिवार, हे स आणि सह आमच्या रोजच्या की-बोर्डावरचे. आणि पुढचा शब्द अ किंवा आ नं सुरू होत असला की तो स त्याच्यात मिसळतो. स आणि आदर, सादर. स आणि आनंद, सानंद. स आणि अश्रू, साश्रू, जे आम्ही श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'साश्रू नयनांनी' म्हणून कायम टाकतो. साशंक त्याच रांगेतला. हे एकदा दिसलं की 'साशंकित' का चुकतं ते आपोआप कळतं. आनंदासहित तो सानंद, तो काय 'सानंदित' होत नाही. आनंदित वेगळा, सानंद वेगळा. तसं आशंकित वेगळा, शंकित वेगळा, साशंक वेगळा, आणि साशंकित म्हणजे दोघांची शेपटं एकमेकांना बांधलेली. समितीच्या सचिवांना मी हे साश्रू नयनांचं उदाहरण देऊन सांगितलं तर त्यांना लगेच पटलं, कारण मागच्याच महिन्यात त्यांनी तो फ्लेक्स करून नेला होता.

दुसरी गोष्ट दिशा. साशंक कोण असतं? ज्याच्या मनात शंका आहे तो. माणूस, समिती, मन, फार तर नजर किंवा सूर, "साशंक नजरेनं बघितलं" चालतं. ज्याच्याबद्दल शंका आहे ती वस्तू साशंक नसते. व्यवहार साशंक कसा असेल, व्यवहाराला काय मन आहे का? तो शंकास्पद किंवा संशयास्पद. व्यवहारातला मजकूर दोन अर्थांचा असेल तर संदिग्ध. आणि संशयित ह्या सगळ्याच्या उलट्या टोकाला, दुसरे ज्याच्यावर संशय घेतात तो. गुन्ह्याच्या बातमीत पेपरवाले "संशयितास अटक" लिहितात ते बरोबरच लिहितात, कोर्टात शाबित होईपर्यंत त्याला चोर म्हणता येत नाही. म्हणजे फौजदार साशंक, चोर संशयित, त्याची बॅग संशयास्पद, त्यानं दिलेला जबाब संदिग्ध, आणि त्याची बायको कदाचित संशयी. वकीलसाहेबांना ही ओळ अशीच्या अशी म्हणून दाखवली, ते हसले आणि म्हणाले, "संशयास्पद करा मॅडम." अर्ध्या मिनिटात काम झालं. ह्याला म्हणतात कोशाचा उपयोग.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली आणि ती कुठल्याच कोशात एका जागी लिहिलेली मिळाली नाही, म्हणून बृहद्कोशचा अर्धा स्टार कापलाय. ती म्हणजे क्रियापदं. शंका येते, शंका काढतात, शंका विचारतात, शंका फिटते, शंकेचं निरसन होतं. संशय येतो, संशय घेतात, संशय बळावतो, संशय दूर होतो. किंतु मनात असतो, आणला तर येतो. शंकेची पाल तर चुकचुकते. ह्या सगळ्यांशी काही ना काही करता येतं. साशंकशी काहीच करता येत नाही. साशंक असतो, साशंक होतो, आणि मुख्य म्हणजे साशंक राहतो. तीनच. साशंक काढता येत नाही, विचारता येत नाही, फेडता येत नाही. शंका विचारून मोकळं होता येतं, साशंक माणूस विचारून, उत्तर ऐकून, मान हलवून घरी येतो आणि तरी साशंकच राहतो. तो 'च' पण बघा, 'साशंकच' असं जितकं सहज येतं तितकं 'संशयितच' येत नाही.

संशय शब्दाची फोड पण ह्या नादात बघितली. सम् आणि शी, शी म्हणजे निजणं, शयन त्यातूनच. मन एका कुशीवर निजत नाही, ह्या अंगावरून त्या अंगावर. गीतेतलं "संशयात्मा विनश्यति" आपण कुणाला टोमणा मारायला वापरतो, पण साशंक माणसाला ते लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. संशयात्म्याला काहीच पटत नाही. साशंक माणसाला पटवून घ्यायचं असतं, फक्त समोरून पुरेसं आलेलं नसतं.

आणि कोल्हापूरकरांना हा शब्द शिकवायला कोश तरी कशाला पाहिजे म्हणा. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी येणार येणार म्हणून किती वर्षं ऐकलं, लोक साशंक, आणि मग २०२३ च्या दिवाळीत आलं. हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून वकिलांनी किती आंदोलनं केली, प्रत्येक आश्वासनानंतर सगळे परत साशंक, शेवटी सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. ह्या दोन्हीत लोकांना 'संशय' होता असं लिहिलं तर अर्थ बदलतो, कुणावर तरी आरोप केल्यासारखं होतं. 'शंका' होती म्हटलं तर पोचट वाटतं, जणू तासाला हात वर करून विचारायची शंका. साशंक होते म्हटलं की बरोबर बसतं, कुणाला खोटारडं म्हटलं नाही आणि विश्वास पण टाकला नाही. राजकारण्यांना हा शब्द इतका का आवडतो ते पण ह्यातून कळतं, आरोप न करता आरोप केल्याचं पुण्य पदरात पडतं, अब्रूनुकसानीची नोटीस येत नाही. प्रेसनोटा टाईप करून करून सांगते, विरोधात असलेला माणूस कायम 'साशंकता व्यक्त' करतो आणि सत्तेत गेला की 'ग्वाही' देतो. टेम्प्लेट सेव्ह करून ठेवलंय मी.

एक वस्तू राहिली, अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश. लोक त्याला पण शब्दकोश समजून घेतात. तो अर्थासाठी नाहीच, शब्द कसा लिहायचा आणि त्याचं सामान्यरूप काय होतं त्यासाठी आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे पुढचे चार ज्यांना पाठ होत नाहीत (म्हणजे सगळ्यांनाच) त्यांच्यासाठी टेबलावर असायलाच पाहिजे. साशंकला ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही त्यामुळं ह्या परीक्षेत त्याचा पेपरच नव्हता, मार्क देत नाही. पण प्रूफवाल्यांनी डोळे झाकून घ्यावा.

आता कुणी काय घ्यावं. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं दुकानात येतात आणि विचारतात, "ताई, कुठला कोश?" त्यांनी पैसे घालवू नयेत, बृहद्कोश आणि एक व्याकरणाचं पुस्तक भागतं. समानार्थी शब्दांच्या ज्या गाईडा मिळतात त्यांच्यावर मात्र विसंबू नका, त्यात शंका, संशय, संदेह, किंतु एका ओळीत देतात आणि पोरगं चारही एकाच वाक्यात घालून बघतं. मास्तर मंडळींनी, पत्रकारांनी मोल्सवर्थ जरूर घ्यावा, कामासाठी कमी आणि संध्याकाळी कुठलंही पान उघडून वाचायला जास्त, त्यातल्या म्हणी वाचता वाचता जेवण थंड होतं. दाते-कर्वे हातात धरून बघायचे असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० पासूनचं वाचनालय आहे, असल्या जुन्या पुस्तकांसाठी आधी तिथंच जावं. जुनी प्रत विकत मिळाली तर सगळे खंड आहेत का, मधली पानं आहेत का आणि पुरवणी आहे का हे तिथंच उभं राहून बघा, विकणारा "सगळं हाय ओ ताई, बिनधास्त न्या" म्हणतोच.

बृहद्कोश वापरणाऱ्यांना एकच सूचना. शोधताना टाईप करायला गडबड झाली, अनुस्वार राहिला, की शब्द सापडेपर्यंत परत टाकायला लागतं, तर जरा अनुस्वार नीट बघून टाका. 'साशक' टाकून "शब्दच नाही ओ ह्यांच्यात" म्हणणारे आमच्याच दुकानात आहेत. फोनवर मराठी की-बोर्ड नसेल तर आधी तो घालून घ्या.